विश्लेषण: मुंबईच्या डोंगरात आजही भातशेती करणारी गावे कागदावर का नाहीत?

आरे आणि बोरिवलीच्या जंगलातील आदिवासी पाडे हे मुंबईतले सर्वात जुने शेतकरी. त्यांच्या वारली चित्रांनी शहराच्या भिंती सजतात, पण त्यांची भातखाचरे मात्र सरकारदरबारी कधी अतिक्रमण ठरतात, तर कधी मोकळी जागा. असे का झाले आणि यातून मार्ग आहे का?

मृगाचा पहिला पाऊस पडला, की गोरेगाव, बोरिवली, मुलुंडच्या स्थानकांबाहेर शेवळे, कुर्डू, टाकळा, कंटोळी यांचे वाटे लागतात. या भाज्या विकणाऱ्या महिलांपैकी काही जणी दूरच्या पालघर-वाड्याहून येतात. पण काही जणी स्थानकापासून चार-पाच किलोमीटरवरच्या डोंगरातून येतात आणि हे मात्र फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि लालबहादूर शास्त्री मार्ग यांच्या मधल्या डोंगररांगेत, मुंबई महापालिकेच्या हद्दीत, आजही राब भाजला जातो, भात लावला जातो आणि नव्या धान्याचा पहिला घास देवाला दाखवला जातो. मेट्रो, जोडरस्त्याचे बोगदे आणि पुनर्वसनाच्या योजना यांमुळे हे पाडे वारंवार चर्चेत येतात. मात्र, ही चर्चा झाडे आणि बिबटे यांच्याभोवतीच फिरते. तिथल्या गावांचा प्रश्न मागे राहतो.

हे पाडे नेमके कुठे आहेत?

एकट्या आरे वसाहतीत असे २७ पाडे आहेत. केल्टीपाडा, खांबाचा पाडा, वणीचा पाडा, मरोशीपाडा, चाफ्याचा पाडा, प्रजापूरपाडा ही त्यातली काही नावे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा अशा वस्त्या आहेत. उद्यानाच्या पूर्वेला भांडुप-मुलुंडच्या बाजूने आणि ठाण्याच्या येऊर डोंगरावरही हीच साखळी पुढे जाते. रहिवासी प्रामुख्याने वारली, मल्हार कोळी, कोकणा आणि काथोडी अर्थात कातकरी समाजाचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याच्या सुमारे ९४ लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण जेमतेम एक टक्का होते. त्यातही नोकरी-शिक्षणासाठी आलेले आदिवासी धरलेले आहेत. म्हणजे मूळ पाड्यांवरची लोकसंख्या त्याहून कमी. एखादा नगरसेवक निवडून आणण्याइतकीही संख्या एका जागी नसणे, हे त्यांच्या राजकीय दुर्लक्षाचे साधे कारण आहे.

राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. इथला सर्वात उंच माथा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे. विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगरात आहेत. दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्याही इथेच उगम पावतात आणि मिठी विहार-पवईच्या सांडव्यातून वाहू लागते. पाड्यांची शेती याच पाणलोटाच्या उतारांवर आणि खोलगट घळींत आहे.

इथली शेती कशी चालते?

कोकणातल्या डोंगरगावाला जे शेतीचे चक्र ठाऊक आहे, तेच इथेही आहे. उन्हाळ्यात खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, बारीक फांद्या आणि माती यांचे थर रचून ते भाजतात. हा राब. त्यामुळे तणाचे बी जळते आणि राखेचे खत मिळते. पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरतात. रोपे वीतभर झाली, की चिखलणी केलेल्या खाचरात ती लावतात. दिवाळीच्या आसपास कापणी, मग खळ्यावर झोडणी. उताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, तूर, उडीद असे कमी पाण्यावर येणारे पीक. घराभोवती मांडवावर शिराळी, दुधी, काकडी, शिवाय केळी, पपई आणि फुलझाडे.

ही शेती पूर्णपणे पावसावर अवलंबून असते आणि कुटुंबाचे वर्षाचे धान्य त्यातून क्वचितच भागते. त्यामुळे तिच्या जोडीला जंगल लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला रानभाज्या आणि बांबूचे कोंब, उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, ताडगोळे, ओढ्यातले खेकडे आणि मासे, सरपण, औषधी मुळ्या. घरातले पुरुष आणि तरुण शहरात रोजगार करतात. चित्रनगरीतील कामे, सुरक्षारक्षक, महापालिकेची कंत्राटी कामे, घरोघरी वस्तू पोहोचवणे ही आजच्या पिढीची कामे आहेत. शेती आणि रानमेव्याच्या विक्रीची बाजू मुख्यत: महिला सांभाळतात. केवळ शेतीवर कुणी जगत नाही, म्हणून ही गावे शेतीची नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही. तसा निकष लावला, तर कोकणातली निम्मी गावे गावे उरणार नाहीत.

येथे वारसा म्हणजे नेमके काय?

वारली चित्रकला आज कपड्यांवर, कपांवर आणि मेट्रो स्थानकांच्या भिंतींवर दिसते. पालघर जिल्ह्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. पण ही चित्रे मूळची शोभेची नव्हेत. लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. चित्राचा रंग घरच्या तांदळाचा, भिंत कारवीच्या काठ्यांची, तिच्यावरचा लेप शेणमातीचा. कारवीला साधारण आठ वर्षांनी एकदाच फुले येतात. बोरिवलीच्या जंगलात ती २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये फुलली. फुलून गेल्यावर झाड वाळते. जुन्या घरांच्या कुडाला हीच वाळलेली काठी लागे.

देवांचेही तसेच. कणसरी ही धान्याची देवी, हिरवा आणि नारनदेव हे पाऊसपाणी, रान आणि घरकुळाशी जोडलेले देव. गावदेवीला मान दिल्याशिवाय पेरणी नाही. सुगीनंतर तारप्यावर नाच होतो. तारपा हे वाद्य वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांपासून बनते. म्हणजे चित्र, गाणे, वाद्य, घर आणि देव या प्रत्येक गोष्टीचा धागा शेताला आणि रानाला बांधलेला आहे. शेत गेले, तर चित्र भिंतीवर राहू शकेल, पण ते कशाचे चित्र आहे हे सांगणारे कुणी उरणार नाही.

बिबट्यांबरोबर ही गावे कशी राहतात?

पाड्यांच्या वेशीवर शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड किंवा लाकडी पाट दिसतो. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला त्याची पूजा होते. वाघ या डोंगरातून केव्हाच नाहीसा झाला, पण बिबट्या आहे. २०१५ मधील कॅमेरा सापळ्यांच्या अभ्यासात उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले, तर २०१८ च्या अभ्यासात ४७. एवढ्या दाट मानवी वस्तीलगत इतके बिबटे असलेली जागा जगात दुर्मीळ आहे.

याचा अर्थ सगळे सुरळीत आहे, असा नाही. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले. २०२१ मध्ये आरेत पुन्हा हल्ले झाले आणि २०२२ च्या दिवाळीत तिथे एका चिमुकलीचा मृत्यू झाला. २०११ मध्ये वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न वाढतो, कचरा आणि त्यावर जगणारी भटकी कुत्री कमी केली पाहिजेत, अंधारात मुलांना एकटे सोडू नये, असा त्याचा रोख होता. पाड्यांवरचे जुने रिवाज साधारण हेच सांगतात. वाघोबा शेजारी आहे, त्याचा मान आणि धाक दोन्ही ठेवायचे. संघर्ष पूर्ण टळत नाही, पण प्रत्येक घटनेनंतर ‘बिबट्याला हटवा’ ही मागणी आदिवासी पाड्यांपेक्षा नव्या गृहसंकुलांतून अधिक जोरात येते.

पाडे शहराआधीचे, मग जमीन नावावर का नाही?

या डोंगराच्या पायथ्याला शेती किती जुनी आहे, याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील एका शिलालेखात ‘मंगलठाण’ गावातील शेत भिक्षुसंघाला दान दिल्याची नोंद आहे. हे गाव म्हणजे आजचे बोरिवलीजवळचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. ती शेते कुणी कसली, हे लेखात नाही. पण साष्टी बेटावर शहर येण्यापूर्वी दीड-दोन हजार वर्षे शेती होती, एवढे त्यातून नक्की कळते.

ब्रिटिश काळात साष्टीतील अनेक गावे धनिकांना इनाम किंवा भाडेपट्ट्याने दिली गेली. पवईची जमीन फ्रामजी कावसजी यांच्याकडे गेली, ती अशीच. डोंगरातले आदिवासी या जमिनी कसत. पण कागदावर मालक दुसरेच होते. कूळ म्हणूनही नोंद क्वचितच झाली. पुढे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव शहराच्या पाण्यासाठी बांधले गेले आणि पाणलोटातील जमीन सरकारच्या ताब्यात आली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये शहरातील म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. आरे, साई, गुंडगाव, पासपोली, मरोळ-मरोशी, प्रजापूर अशा गावांची मिळून सुमारे १,२८७ हेक्टर जमीन त्यासाठी घेतली गेली. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते उद्घाटन झाले. महसुली नोंदीत ही जमीन दुग्धविकास विभागाची झाली आणि तिच्यावर आधीपासून राहणारे पाडे ‘विभागाच्या जागेवरील रहिवासी’ ठरले. पुढे याच जमिनीतून १९७७ मध्ये चित्रनगरीला जागा मिळाली. राज्य राखीव पोलीस दल, पशुवैद्यकीय महाविद्यालय, महानंद डेअरी, फोर्स वन यांनाही मिळाली. प्रत्येक वाटपात नकाशावर ‘मोकळी’ दाखवलेली जागा प्रत्यक्षात कुणाचे तरी खाचर, चराऊ रान किंवा पाणवठा होती. वीज, नळ, शौचालय यांसाठीही जमीनमालक विभागाचे ‘ना हरकत’ लागत असल्याने काही पाड्यांना या सुविधांसाठी दशकानुदशके थांबावे लागले.

राष्ट्रीय उद्यानातील रहिवासी ‘अतिक्रमक’ कसे ठरले?

उद्यानाच्या कडेला १९८० आणि ९० च्या दशकांत झोपड्या झपाट्याने वाढल्या. त्याविरोधात १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ७ मे १९९७ च्या आदेशानुसार अतिक्रमणे हटवण्याची आणि १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या मतदारयादीत नाव असलेल्यांचे उद्यानाबाहेर पुनर्वसन करण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाने ७ हजार रुपये भरायचे होते. हजारो कुटुंबांना चांदिवलीत घरे मिळाली.

जंगल वाचवण्यासाठी हा निर्णय महत्त्वाचा होता. पण नव्वदच्या दशकात आलेली झोपडी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा पाडा यांत यादी करताना फरक राहिला नाही. दोघांनाही तोच निकष, तोच पैसा भरण्याचा नियम आणि तीच सदनिका. ज्यांच्याकडे कागद कमी, ते यात मागे पडले. वन विभागाची भीतीही निराधार नाही. आदिवासींच्या नावाआड बाहेरचे लोक घरे बांधतात आणि पाड्यांलगत चाळी उभ्या राहतात. अशी उदाहरणे आहेत आणि त्यांचा सर्वाधिक फटका पाड्यांनाच बसतो. म्हणूनच मूळ रहिवासी कोण, हे एकदा कायदेशीरपणे ठरणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

आरे जंगल आहे की नाही?

या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी वेगळी मिळाली. ५ डिसेंबर २०१६ रोजी केंद्राने उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. त्यात आरेचा मोठा भाग आला, मात्र मेट्रो कारशेडसह १६५ हेक्टर जागा वगळली गेली. २६ ऑक्टोबर २०१८ रोजी उच्च न्यायालयाने आरेला जंगल घोषित करण्याची मागणी फेटाळली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी झाडे तोडण्याविरोधातील याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्याच रात्री कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.

२०२० मध्ये राज्य सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय घेतला आणि आरेतील सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन करण्याची प्रक्रिया सुरू केली. २०२२ मध्ये नव्या सरकारने कारशेड पुन्हा आरेत आणले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १७७ झाडे काढण्यास परवानगी दिली. मात्र आधी परवानगी मिळालेल्या ८४ झाडांपेक्षा अधिक झाडांसाठी परस्पर अर्ज केल्याबद्दल मेट्रो महामंडळाला १० लाखांचा दंड ठोठावला. मेट्रो-३ चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला.

या सगळ्यात झाडांची मोजणी अनेकदा झाली. प्रजापूरपाड्यातील कुटुंबे मात्र मेट्रोच्या कामासाठी अंधेरी परिसरातील पुनर्वसन इमारतींत केव्हाच हलवली गेली होती. पुढचा टप्पा गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा आहे. १२.२ किलोमीटरच्या या रस्त्यात उद्यानाखालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. १३ जुलै २०२४ रोजी त्यांचे भूमिपूजन झाले. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजनही त्याच दिवशी झाले. बोगदा जंगलाखालून जात असल्याने वरचे रान वाचते, हा दावा बऱ्याच अंशी खरा आहे. पण बोगद्याची तोंडे जिथे उघडतात, तिथे चित्रनगरी परिसरातील हबालेपाडा आणि नगरमुडीपाडा येथील घरे बाधित होतात.

सदनिका मिळत असताना विरोध का?

बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतो. शहरात लाखो लोक घरासाठी आयुष्यभर हप्ते भरतात आणि इथे सरकार पक्के घर देते. सर्व पाड्यांचे मतही एक नाही. रस्ता, दवाखाना, शौचालय, पाण्याची सोय असलेले घर हवे असणारे तरुण तिथे आहेत आणि त्यांची अपेक्षा रास्त आहे.

मात्र हिशेब फक्त घराचा नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत ३०० चौरस फुटांच्या सदनिकेच्या बदल्यात झोपडी घेतली जाते. पाड्यावरच्या कुटुंबाकडे घराखेरीज खाचर, वरकस, आंबा-फणस-ताडाची झाडे, कोंबड्या-शेळ्या, ओढा आणि देवस्थान असते. सदनिकेच्या मोबदल्यात यातले काहीच धरले जात नाही. घरचा तांदूळ, भाजी, सरपण बंद होऊन वीज, पाणी आणि देखभालीची दरमहा बिले सुरू होतात. उत्पन्न घटते आणि खर्च वाढतो. रानभाजी विकून स्वतःचा पैसा हाती राखणारी महिला यात सर्वात आधी बेरोजगार होते. आरेतील मरोळ-मरोशी येथे सुमारे ९० एकर जागेवर उद्यानातील झोपडीधारक आणि आदिवासी यांचे पुनर्वसन करण्याची योजनाही पुढे आली. तिला विरोध होण्यामागे दोन कारणे होती. एक, आरेतील आणखी हिरवी जमीन जाणार. दोन, एका पाड्याला उठवून दुसऱ्या पाड्याच्या रानात बसवले जाणार.

वन हक्क कायदा यात काय सांगतो?

संसदेने २००६ मध्ये केलेला वन हक्क कायदा नेमका अशाच वस्त्यांसाठी आहे. त्याच्या प्रस्तावनेतच वनवासी समाजांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. यातील पाच तरतुदी पाड्यांसाठी महत्त्वाच्या आहेत.

एक, ‘वनजमीन’ या व्याख्येत राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्येही येतात. म्हणजे उद्यान आहे म्हणून हक्क आपोआप संपत नाहीत.

दोन, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीवर, कमाल चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळू शकतो. तो वारसाने पुढे जातो, विकता येत नाही.

तीन, दावे तपासून हक्कांची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही वनजमिनीवरून हटवता येत नाही.

चार, गाव म्हणून अधिसूचित झालेली असो वा नसो, जुनी वस्ती या कायद्यात गाव ठरते आणि तिचे महसुली गावात रूपांतर करून घेण्याचा हक्कही त्यात आहे. ग्रामसभेच्या व्याख्येत तर ‘पाडा’ हा शब्दच आलेला आहे.

पाच, शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वापरता येते.

सर्वात लक्षवेधी भाग पुराव्यांचा आहे. कायद्याच्या नियमांनुसार केवळ कागदच पुरावा ठरतो, असे नाही. जमिनीचे सपाटीकरण, बांध, घर, विहीर, दफनभूमी, पवित्र स्थळ, तसेच दावेदाराखेरीज इतर ज्येष्ठांचे लेखी निवेदन हेही पुरावे आहेत. म्हणजे पूर्वजांनी रचलेला खाचराचा बांध, वेशीवरचा वाघोबा आणि आजीला आठवणारा पाड्याचा इतिहास ही कायद्याच्या भाषेत गाव अस्तित्वात असल्याची खूण आहे. ज्याला शहर वारसा म्हणून कौतुकाने पाहते, तोच पाड्याचा सातबारा ठरू शकतो.

मग घोडे अडते कुठे?

पहिली अडचण हद्दीची. पाडे महापालिकेत असल्याने तिथे ग्रामपंचायत नाही. ग्रामसभा भरवणार कोण, वनहक्क समिती कोण नेमणार, यावरच फायली अडतात. मुंबई उपनगर संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात नसल्यामुळे डहाणू-तलासरीला मिळणारे पेसा कायद्याचे संरक्षणही इथे नाही.

दुसरी अडचण जमिनीच्या प्रकाराची. उद्यानातील जमीन वन आहे, पण आरेतील बरीचशी दुग्धविकास विभागाची आहे. वनच नाही तर वनहक्क कसला, असा प्रश्न विचारला जातो. राखीव वनाच्या प्रक्रियेत गेलेल्या ८१२ एकरांत मात्र चित्र बदलते. तिथे भारतीय वन कायद्यानुसार वन जमाबंदी अधिकाऱ्याने दावे मागवून ते निकाली काढायचे असतात. अंतिम अधिसूचनेपूर्वीची हीच वेळ पाड्यांसाठी निर्णायक आहे. दावे नोंदले गेले, तर जंगलही वाचते आणि गावही. नोंदले गेले नाहीत, तर जंगलाच्या संरक्षणातूनच गाव बाहेर फेकले जाऊ शकते.

तिसरी अडचण वेळेची. पुराव्यांची साखळी दरवर्षी तुटत आहे. पाणी अडल्याने किंवा भराव पडल्याने खाचर दोन-तीन वर्षे पडीक राहिले, की बांध ढासळतात आणि जागा पुन्हा ‘मोकळी’ दिसू लागते. ज्येष्ठ जातात आणि त्यांच्याबरोबर साक्षही जाते. कारवीच्या कुडाची घरे पत्र्याची झाली, की पाडा लांबून झोपडपट्टीसारखाच दिसतो. मग मोजणी करणाऱ्याला तो तसाच वाटतो.

वारसा म्हणून जाहीर केले तर प्रश्न सुटेल?

जगात याची उदाहरणे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००२ मध्ये पारंपरिक शेतीच्या वारशाला मान्यता देणारा कार्यक्रम सुरू केला. ओडिशातील कोरापूटची आदिवासी शेती, केरळमधील कुट्टनाड आणि काश्मीरची केशरशेती त्यात आहेत. तिथे मान्यता एखाद्या वास्तूला नसून चालू असलेल्या शेतीला मिळते. पण फिलिपिन्समधील इफुगाओच्या डोंगरी भातखाचरांचा अनुभव सावध करणारा आहे. १९९५ मध्ये ती जागतिक वारसा झाली आणि २००१ मध्येच धोक्यातील वारशाच्या यादीत गेली. तरुण शेती सोडून गेल्याने बांध ढासळू लागले होते. दुरुस्ती आणि स्थानिक व्यवस्थापन सावरल्यावर २०१२ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. पाटी लावून बांध टिकत नाही, बांध घालणारा टिकावा लागतो, हा त्याचा धडा.

मुंबईच्या पाड्यांवर आज जंगलफेरी, वारली चित्रांच्या कार्यशाळा, रानभाज्यांचे जेवण असे उपक्रम होतात. त्यातून काही कुटुंबांना चार पैसे मिळतात, हे चांगलेच. पण जमिनीचा हक्क नसलेल्या गावात पर्यटन वाढले, तर उद्या ती जागा एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या नजरेत भरायला वेळ लागत नाही. येऊरच्या डोंगरात बंगले आणि हॉटेले कशी वाढली, हे ठाणेकरांनी पाहिले आहे.

पुढे काय होऊ शकते?

पुढची पावले फार खर्चाची नाहीत. प्रत्येक पाड्याची सीमा, घरे, खाचरे, पाणवठे, देवस्थाने आणि दफनभूमी यांची स्वतंत्र मोजणी करणे, झोपडपट्टी आणि पाडा यांच्या याद्या वेगळ्या करणे, पाडानिहाय ग्रामसभा भरवून दावे स्वीकारणे आणि तोवर बेदखली थांबवणे. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत विभागीय महाआराखड्याची तरतूद आहे. त्यात पाड्यांना शेतकरी वस्ती म्हणून स्थान मिळते की रिकाम्या हिरव्या रंगाखाली ते झाकले जातात, यावर बरेच अवलंबून आहे. तरुणांना शेती करायची नसेल, तर कायदा त्यांना ती करायला लावू शकत नाही. पण आज त्यांच्यापुढे खरी निवडच नाही. कुठल्याही दिवशी जाऊ शकणाऱ्या जमिनीत कुणी नवे आंब्याचे कलम लावत नाही.

मुंबईला या डोंगराकडून पाणी, हवा आणि पुराला थोडा आळा मिळतो. तो डोंगर इतकी वर्षे राहिला, त्यात न्यायालयांचा आणि वन विभागाचा वाटा आहे, तसा जंगलाला ओरबाडण्याऐवजी वापरून राखणाऱ्या गावांचाही आहे. शेवळ्यांचा वाटा विकणाऱ्या महिलेचा पत्ता सरकारी कागदावर ‘गाव’ म्हणून लागतो की नाही, यावर त्या वाट्याचे पुढच्या पावसाळ्यातले येणे ठरणार आहे.